तळघराच्या पत्त्यावर

त्या पत्राला आपण उत्तर दिलं नाही, हे उद्धवरावांना एरवीही अधूनमधून आठवायचं. पण त्या सकाळी आठवलं तेव्हा हातातल्या पुस्तकाचं पान उलटायचं राहून गेलं. जिन्याखालच्या दारातून, तळघरातून, अरुंधतीचा आवाज वर येत होता. "हॅलो, माझा आवाज येतोय का? येतोय का आवाज?" चाकणच्या प्लँटमधल्या कुणाशी तरी तिचं रोजचं बोलणं चाललं होतं. हे वाक्य दिवसातून इतक्या वेळा कानावर पडायचं की, घड्याळाच्या टिकटिकीसारखं ते ऐकू येईनासं झालं होतं. पण त्या दिवशी ती मध्येच थांबली, खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला, आणि मग ती कुणालाच उद्देशून नाही अशा हलक्या स्वरात म्हणाली, "अरे, कुणी उत्तर तरी द्या." ती आपल्याला म्हणत नाहीये, हे उद्धवरावांना कळत होतं. तिचं नेटवर्क गेलं होतं, एवढंच. तरी ते खुर्चीत अवघडून बसले, वर्गात प्रश्न विचारलेल्या मुलासारखे, आणि ते पत्र, त्याच्या घड्या, वळणदार नसलेलं पण नेटकं अक्षर, सगळं समोर येऊन उभं राहिलं.

पत्र तिनेच लिहिलं होतं, लग्नाआधी. सुपारी फुटली होती, हॉल ठरला होता, आणि एका दुपारी पोस्टमन निळं पाकीट देऊन गेला. आजकाल कोण कुणाला पत्र लिहितं? पण निमिषने, म्हणजे उद्धवरावांच्या मुलाने, तिला सांगितलं होतं की आमचे बाबा फोनवर 'हं' आणि 'बरं' यांच्यापलीकडे बोलत नाहीत, लिहिलेलं मात्र मन लावून वाचतात. म्हणून तिने लिहिलं. फार नाही, पाठपोट एक कागद. मला पुस्तकं वाचायची फारशी सवय नाही, हे आधीच सांगून ठेवते, असं सुरुवातीलाच होतं. आणि मग खरी गोष्ट. तिचे वडील जाऊन तेव्हा पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. "त्यांना मी बाबा म्हणायचे," तिने लिहिलं होतं, "तो शब्द मला लगेच दुसऱ्या कुणासाठी वापरता येईल असं वाटत नाही. आईंचं सोपं आहे. आमच्या एकत्र घरात आम्ही भावंडं आमच्या आईला वहिनी म्हणतो, त्यामुळे 'आई' हा शब्द माझ्याकडे अगदी नवाकोरा आहे, तो मी त्यांना देईन. पण तुम्हाला काय म्हणू? तुम्हीच सांगाल का? राग मानू नका." खाली सही. सहीखाली, आठवण झाल्यासारखं, "उत्तराची वाट बघते."

राग कसला येणार. उद्धवरावांनी ते पत्र त्या दुपारी इतक्यांदा वाचलं की विजयश्रीबाई, त्यांची बायको, स्वयंपाकघरातून येऊन म्हणाल्या, "पाठ करताय काय?" त्यांना वाटत होतं की इतकं सरळ पत्र आपल्याला जन्मात कुणी लिहिलेलं नाही. आणि उत्तरही त्यांच्यापाशी तयार होतं. उदगीरच्या त्यांच्या घरी ते स्वतः आपल्या वडिलांना काका म्हणत, कारण चुलत भावंडं म्हणत; वडील गेल्यावर कित्येक वर्षांनी कुणीतरी "तुमचे वडील" असा उल्लेख केला तेव्हा हे कुणाबद्दल बोलताहेत ते क्षणभर कळलं नव्हतं. शब्दात काय आहे, पोरी, असंच काहीतरी लिहायचं होतं. पण अडलं ते त्याच्याही आधी. मायन्यापाशी. 'चि. सौ. कां. अरुंधती हिस अनेक उत्तम आशीर्वाद' असं लिहून पाहिलं, तर ती लग्नपत्रिका वाटायला लागली. 'कु. अरुंधती' लिहिलं, तर शाळेच्या कचेरीतून दाखला निघाल्यासारखं. 'प्रिय' त्यांनी आजवर कुणालाच लिहिलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. आता होणाऱ्या सुनेला एकदम प्रिय म्हणायचं म्हणजे तिला काय वाटेल, आणि ते पत्र तिच्या घरी चारचौघांत वाचलं गेलं तर? कंपनीच्या तांत्रिक ग्रंथालयात सगळी नोकरी झालेला माणूस. यंत्रांच्या माहितीपुस्तकांना विषयवार क्रमांक देण्यात हयात गेली. कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर जातं, यात त्यांची चूक होत नसे. पण एका मुलीला हाक कशी घालावी, हे त्यांना कुठल्याच फळीवर सापडेना. "तिला काय ग्रंथ लिहून पाहिजे का?" विजयश्रीबाई म्हणायच्या. "चार ओळी खरडा आणि टाका पेटीत. पोर वाट बघत असेल." ते म्हणायचे, "लिहितो." मग लग्न झालं. "आता तोंडाने तरी सांगा," त्या म्हणाल्या. ते म्हणाले, "सांगतो." मग लॉकडाऊन आला, सगळे एका छपराखाली कोंडले गेले, दिवसभर समोरासमोर, आणि समोर असलेल्या माणसाच्या पत्राला उत्तर कसं द्यायचं, हा नवाच प्रश्न झाला. मग दोन वर्षांपूर्वी विजयश्रीबाई गेल्या, आणि 'पोर वाट बघत असेल' असं म्हणणारं घरात कुणी उरलं नाही.

आणि अरुंधतीने त्यांना पाच वर्षांत काहीही म्हटलं नाही. म्हणजे बोलायची ती भरपूर, त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त. पण तिच्या वाक्याच्या सुरुवातीला एक जागा मोकळी असायची, पाट मांडून ठेवावा आणि बसायला कुणी येऊ नये तशी. "चहा झालाय." "गोळी घेतलीत का?" "आज बाहेर ऊन फार आहे हं." दुसऱ्यांशी बोलताना ती 'निमिषचे बाबा' म्हणे. तो 'निमिषचे' शब्द ती किती जपून लावते, हे फक्त उद्धवरावांना कळायचं, आणि कळायचं म्हणून दुखायचं; पण तो कडवटपणा नव्हता, उलट त्या मुलीबद्दल एक प्रकारचा आदरच वाटायचा. तिने प्रामाणिकपणे विचारलं होतं, तिला उत्तर मिळालं नव्हतं, आणि तिने आपल्या मनाने कुठलाही शब्द ओढूनताणून चिकटवला नव्हता. ती जागा तिने रिकामीच ठेवली होती. कदाचित अजूनही वाट बघत असेल, असं एखाद्या दिवशी वाटायचं. कदाचित केव्हाच विसरली असेल, असं दुसऱ्या दिवशी.

निगडी प्राधिकरणातला तो प्लॉट उताराचा, म्हणून घराखाली तळघर निघालं. बांधलं तेव्हा तिथे गव्हाची कोठी, निमिषची जुनी सायकल आणि पाणी झिरपलं तर उपसायला एक मोटर, एवढंच होतं. घरून काम सुरू झालं तशी अरुंधतीने ती जागा मागून घेतली. चुना दिला, टेबल टाकलं, कुठून तरी काचेच्या बाटलीत मनीप्लँट आणून लावला. चाकणच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनत, त्यांच्या तपासणीचे कागद तयार करून परदेशातल्या गिऱ्हाइकांना समजावून सांगणं हे तिचं काम. उन्हाळ्यात तळघर गार राही, रस्त्यावरचे आवाज येत नसत. सगळं चांगलं होतं, फक्त वायफाय तिथे पोचत नव्हतं. पोचायचं म्हणजे रुसलेल्या पाहुण्यासारखं दाराशी येऊन परत जायचं. समोरच्या खोलीत टीव्हीशेजारी त्याचा डबा, त्याला दोन शिंगं. आणि खाली पडद्यावरची माणसं तोंडं उघडी ठेवून गोठायची. रोहिदास नावाचा केबलवाला आला, डोळे किलकिले करून छताकडे बघितलं, "काका, स्लॅब लई जाड हाय तुमचा, जुन्या लोकांनी लोखंड घालताना हातच आखडला न्हाई," म्हणाला आणि जिन्यात एक पांढरी डबी खोचून गेला. "आता पळतंय बघा." तो फाटकातून बाहेर पडेपर्यंत पळालं. नंतर बसलं.

हे सगळं चाललं असताना एका रात्री जेवताना निमिष म्हणाला की अरुच्या ऑफिसने सांगितलंय, ज्यांचं सारखं तुटतं त्यांनी रोज प्लँटला यायचं. "पुढच्या शुक्रवारी त्यांच्या जर्मन लोकांसमोर हिचं मोठं प्रेझेंटेशन आहे. ते फसलं की झालं. आणि इथून चाकण म्हणजे भोसरी, मोशी, सगळा ट्रॅफिक अंगावर. त्यापेक्षा चऱ्होलीत एक फ्लॅट बघितलाय आम्ही. तिथून मला पण जवळ." मग भात कालवत, जरा घाईने, "तुम्ही पण चला ना बाबा. लिफ्ट आहे, खाली बाग आहे. लोड घेऊ नका." उद्धवरावांनी अरुंधतीकडे पाहिलं. ती ताटात बघत होती. ताटात बघण्यासारखं काही नव्हतं, कोशिंबीर संपली होती. तिला आपण नको असू, असा अर्थ त्यांनी लावला, आणि लावल्याबरोबर तो त्यांना पटला. स्वतःविरुद्धचा कुठलाही अर्थ त्यांना चटकन पटत असे. "बघू," ते म्हणाले. "तुमची सोय बघा."

वायफायबद्दल ते रोहिदास येऊन गेल्यापासूनच वाचत होते. दुसरं काही करता येत नसलं की वाचायचं, हा त्यांचा जन्माचा स्वभाव. दिवसचे दिवस, चष्मा कपाळावर चढवून, फोन नाकाशी धरून. तार नसताना येणारी ती लाट भिंतीतून कशी झिरपते, विटेत किती दमते, लोखंडापाशी कशी माघारी वळते, आरसा तिला कसा परत फेकतो. मग घर त्यांना वेगळं दिसायला लागलं. ज्या घरात ते इतकी वर्षं फक्त सवयीने वावरत होते, त्यात आता सगळीकडे काहीतरी अदृश्य वाहत होतं: टीव्हीशेजारून निघून, विजयश्रीबाईंच्या कपाटाच्या आरशावर आपटून, फ्रिजला वळसा घालून, जिन्याच्या तोंडाशी घुटमळून, खाली एका मुलीच्या टेबलापर्यंत जाऊ बघणारं काहीतरी. त्याची त्यांना दया यायची. आणि मग एका ठिकाणी त्यांनी वाचलं की पाणीही त्या लाटेला अडवतं, आणि माणसाचं शरीर म्हणजे बहुतेक पाणीच, तेव्हा मध्ये माणूस बसला तरी फरक पडतो. उद्धवरावांनी फोन खाली ठेवला. त्यांची खुर्ची कुठे होती? डब्याच्या आणि जिन्याच्या बरोबर मध्ये. खिडकीचा उजेड डावीकडून यावा म्हणून त्यांनीच ती तिथे ठेवली होती. म्हणजे रोज सकाळपासून दुपारपर्यंत, हातात पुस्तक घेऊन, आपणच.

खुर्ची हलवावी हे सुचलं नाही. कसं सुचलं नाही, हे नंतर त्यांना सांगता येईना. पण त्या वेळी आपण आडवे येतो आहोत एवढंच डोक्यात भरलं होतं, आणि आडव्या येणाऱ्या माणसाने उठून जावं, हे त्यांना इतकं स्वाभाविक वाटलं की दुसरा उपाय शोधायची गरजच पडली नाही. खाली अरुंधतीची मीटिंग सुरू झाल्याचा आवाज आला की ते पुस्तक मिटत, चपला सरकवत आणि फाटक न वाजवता बाहेर पडत. कधी दुर्गा टेकडीच्या पायथ्याशी, कधी कोपऱ्यावरच्या बागेत, जिथे त्यांच्याच वयाची माणसं गुडघ्यांबद्दल बोलत बसलेली असत. मारुतराव म्हणून एक जण होते, कारखान्यातून निवृत्त झालेले, ते विचारत, "काय राव, सुनेनं हाकललं काय?" आणि उद्धवराव हसून मान हलवत, हो की नाही ते कळू न देता. ऊन असायचं. पुस्तक उघडलं तरी मन खाली तळघरात. आता तिचा आवाज पोचत असेल. आता पडद्यावरचा माणूस मान हलवत असेल. हे सुख विचित्र होतं, पण होतं. आपल्या नसण्याने कुणाचं तरी काही चांगलं चाललंय, असं वाटण्यात एक गोडवा असतो, आणि तो गोडवा फार चांगला नसतो, हेही त्यांना अंधुकसं कळत होतं. चऱ्होलीचं कळल्यावर तिथे बसूनच त्यांनी त्या जुन्या पत्राला मनातल्या मनात उत्तरं लिहिली. आणि प्रत्येक वेळी थांबले, कारण आता काहीही लिहिलं तरी त्याचा अर्थ एकच होणार होता: जाऊ नकोस. पाच वर्षं गप्प बसलेला म्हातारा, सून घर सोडायला निघाली तेव्हा जागा झाला. ते पत्र नव्हे, ती पदराला धरलेली मूठ होईल. उत्तर द्यायचं तर तिच्या प्रश्नाला द्यायला हवं, स्वतःच्या भीतीला नाही.

रविवारी निमिषला कंपनीत जादा शिफ्ट लागली. अरुंधती सकाळीच ओढणी कमरेला खोचून समोरच्या खोलीत आली आणि म्हणाली, "मला मदत कराल का जरा? हा डबा वेगवेगळ्या जागी ठेवून बघायचाय. तुम्ही वर हलवा, मी खाली बघते." उद्धवराव इतक्या चटकन उठले की चष्मा पडला. ती खाली गेली. त्यांनी डबा उचलून टीव्हीच्या डोक्यावर ठेवला आणि कान दिला. खालून काहीच आवाज येईना. मग "अहो..." असं ऐकू आलं, आणि शांतता. त्या शांततेत काय चाललंय ते त्यांना नीट कळलं. तिला हाक मारायची होती आणि तिच्याकडे हाक नव्हती. समोर असताना ती मोकळी जागा निभावून नेता येत होती. पण मध्ये एवढा जाड स्लॅब असला तर माणूस काय करणार? ते डब्याला हात लावून उभे राहिले, आपणच आधी बोलावं का, काय बोलावं. तेवढ्यात खालून खणखणीत आवाज आला.

"अहो, वरचे. ऐकू येतंय का?"

"ओ," उद्धवराव म्हणाले. त्यांचं त्यांनाच हसू आलं.

"दोन दांड्या आल्यात. जरा डावीकडे घ्या."

"तुझ्या डावीकडे की माझ्या?"

"स्वयंपाकघराकडे हो. हां. आल्या. तीन. अहो वरचे, गेल्या. काय केलंत?"

"काही नाही. खोकलो."

"मग खोकू नका. तिथेच उभे राहा, असाच डबा धरून, शुक्रवारची मीटिंग संपेपर्यंत."

"किती वेळ चालेल साधारण?" त्यांनी विचारलं, कारण त्यांच्या मनात खरोखरच हिशेब सुरू झाला होता, पाठीला टेकायला काही घ्यावं का वगैरे. खालून हसण्याचा आवाज आला, मग पायऱ्यांवर चपलांचा, आणि ती वर येऊन जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. ते अजूनही डबा दोन्ही हातांत, छातीशी धरून होते, नैवेद्याचं ताट धरावं तसे. तिने तो हळूच काढून घेतला. मग एकदम गंभीर झाली.

"एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार की."

"माझ्या बोलण्याचा तुम्हाला त्रास होतो ना? म्हणजे, वाचत असता तुम्ही, आणि मी खालून हॅलो हॅलो करत असते. मी सुरू झाले की तुम्ही उठून जाता. एवढ्या उन्हाचे. मी दोनदा दारात येऊन बघितलं. म्हणून मीच निमिषला म्हटलं, आपण जाऊ या चऱ्होलीला. त्यांना त्यांच्या घरात शांतपणे वाचता येत नसेल तर..." तिने वाक्य सोडून दिलं आणि डब्याच्या शिंगावरची धूळ बोटाने पुसायला लागली.

उद्धवरावांना वाटलं, आता बोललं नाही तर पुन्हा पाच वर्षं जातील, आणि ती पाच वर्षं कदाचित आपल्यापाशी नसतील. "पाणी," ते म्हणाले. ती पाणी आणायला वळली. "नाही नाही. पाणी असतं. अंगात. माणसाच्या अंगात पुष्कळ पाणी असतं, आणि पाण्यातून ती लाट... मी वाचलं तसं. माझी खुर्ची बरोबर मध्ये येते, हे बघ, इथून इथे. म्हणून मी आपला, तुझं सुरू झालं की..."

"म्हणजे तुम्ही माझ्या नेटवर्कसाठी टेकडीवर जाऊन बसत होतात?"

"रोज टेकडीवर नाही. कधी बागेत."

अरुंधती जिन्याच्या वरच्या पायरीवर खालीच बसली. हसताना तिचे खांदे हलत होते, ओढणीचं टोक डोळ्यांना लावलेलं, आणि काही क्षणांनी ती नुसती हसतेय की आणखी काही, हे उद्धवरावांना सांगता येईना. त्यांनी मदत म्हणून खुर्ची थोडी बाजूला सरकवली. त्यावर ती आणखीच हसली. "खुर्ची सरकवायची होती हो," ती म्हणाली, श्वास गोळा करत. "माणूस नाही."

मग ती दोघं एकदम कामाला लागली, जणू काही अवघड गोष्ट मागे टाकल्यावर हाताला काहीतरी हवंच असतं. अडचण पाण्याची नव्हती, लोखंडाची होती. हे उद्धवरावांना गेले काही दिवस माहीत होतं, फक्त बोलवत नव्हतं. जिन्याला लागून, थेट तिच्या टेबलाच्या डोक्यावर, त्यांची मांडणी उभी होती, पोलादी, छतापर्यंत, पुस्तकांनी ठासून भरलेली. कंपनीचं ग्रंथालय बंद झालं तेव्हा भंगारात निघालेली ती मांडणी त्यांनी मागून आणली होती आणि भिंतीत बोल्टने आवळून घेतली होती. तिला आजवर कुणी हात लावला नव्हता. रंगकाम झालं तेव्हा रंगारीसुद्धा तिच्या कडेकडेने गेले होते. "माझी मांडणी आडवी येतेय," ते म्हणाले. मोठी गोष्ट बोलून दाखवल्यासारखा त्यांचा आवाज झाला. "आणि तिच्यामागे एक पाईप आहे. मोटरची वायर खाली नेण्यासाठी निमिषच्या आईने घर बांधतानाच स्लॅबमध्ये घालून घेतला होता. मी म्हणत होतो कशाला, भिंतीवरून वायर जाईल की. ही म्हणाली, असू दे, घराला एखादी वाट जास्तीची असावी. मोटर बंद पडल्यापासून तो नुसताच आहे. त्यातून तार खाली गेली, तर खाली दुसरा डबा लावता येईल. लाटेचा प्रश्नच नाही मग." अरुंधतीने मांडणीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "तुम्हाला चालेल? हलवलेली?" त्यांनी मान डोलावली आणि वरच्या फळीवरचं पहिलं पुस्तक काढून तिच्या हातात दिलं.

सगळा दिवस त्यात गेला. मुंबईहून आणलेली, पुण्याच्या रस्त्यावरून उचललेली, कुणाकुणाची परत द्यायची राहिलेली पुस्तकं जिन्यातून खाली जात राहिली. अरुंधती मध्येच एखादं उघडायची, एक ओळ मोठ्याने वाचायची, "यात काय होतं शेवटी?" विचारायची. उद्धवराव सांगायला लागले की मांडी घालून बसायची, आणि काम खोळंबायचं. इतकं सलग ते कित्येक वर्षांत कुणाशी बोलले नव्हते. संध्याकाळी निमिष आला तेव्हा त्याला दारातच थांबावं लागलं, आत पाय ठेवायला जागा नव्हती. "काय चाललंय हे? घर फुटलं काय?" "मांडणी खाली जातेय," अरुंधती म्हणाली. "माझ्या खुर्चीमागे. आता मीटिंगमध्ये मागे एवढी पुस्तकं दिसणार. जर्मन लोकांना वाटेल, बाई विद्वान आहे." "आणि वाचणार कोण?" "ते वरचे येतील ना वाचायला," ती बोलून गेली आणि जीभ चावली. निमिषला काही कळलं नाही. उद्धवराव बोल्टला तेल घालण्यात गर्क असल्यासारखे खाली वाकले.

दुसऱ्या दिवशी रोहिदास आला, त्या जुन्या पाईपमधून तार ओढून खाली दुसरा डबा बसवून गेला, जाताना "मंग आधी का न्हाई सांगितलं, काका, पाईप हाय म्हणून" असं म्हणाला. शुक्रवारी दुपारी उद्धवराव आपल्या खुर्चीत बसले. मारुतराव बागेत वाट बघत असतील, असं वाटून गेलं. खालून अरुंधतीचा आवाज येत होता, सलग, इंग्रजीत, मध्ये मध्ये हसल्याचा. एकदाही तिने कुणाला विचारलं नाही की माझा आवाज येतोय का. पुस्तक उघडं होतं, पण ते वाचत नव्हते, ऐकत होते. शब्द कळत नव्हते सगळे, जॉइंट अमुक, टॉलरन्स तमुक; पण एक माणूस बोलतंय आणि पलीकडे ते पोचतंय, हे कळत होतं, आणि ते पुरेसं होतं. ती वर आली तेव्हा कपाळावर घाम होता. "झालं," ती म्हणाली. "रोज या म्हणणार नाहीत आता." मग पाणी पिऊन, पेला ओट्यावर ठेवता ठेवता, पाठमोरीच, "निमिषला सांगितलं मी, चऱ्होलीचं राहू दे. त्याला थोडं लांब पडेल, पण जमेल." उद्धवराव "बरं" म्हणाले. मग, हे अगदीच कमी पडतंय असं वाटून, "छान," असंही म्हणाले.

आणि इथेच सगळं थांबलं असतं. त्यांचा धोका हाच होता, तो त्यांना माहीत होता. आता घाई नव्हती. ती जाणार नव्हती, चहा होणार होता, वाक्यांच्या सुरुवातीची ती मोकळी जागा तशीच राहिली असती, आणि एखाद्या दिवशी त्यांनी तिला नक्की सांगितलं असतं, म्हणजे कधीच नाही. दोन दिवस ते त्या सोयीत बसून राहिले. पण ती सोय बोचत होती. जाऊ नकोस म्हणायची आता गरज उरली नव्हती, म्हणजे उत्तराला आता कसलीच लबाडी चिकटणार नव्हती; इतकी स्वच्छ वेळ पुन्हा कशी मिळणार? सोमवारी सकाळी ती खाली कामाला बसल्यावर त्यांनी आंतरदेशीय पत्र घेतलं आणि वर नुसतं 'अरुंधती' लिहिलं. आधी काही नाही, नंतर काही नाही. ते इतकं सोपं निघालं की ते थोडा वेळ त्या नावाकडे बघतच राहिले.

"तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. राग आला म्हणून नव्हे. तुला काय म्हणून लिहावं, ते सुचत नव्हतं, म्हणजे तुझा प्रश्न आणि माझा प्रश्न एकच होता. बाबा हा शब्द तुझ्या बाबांकडेच राहू दे. तो त्यांचा आहे, आणि तू तो इतका जपलास हे मला फार आवडलं. मी माझ्या वडिलांना काका म्हणायचो, त्याने आमचं काही अडलं नाही. तुला एखादा शब्द आपणहून सुचला तर म्हण, मला चालेल. चारचौघांत थोडा बरा दिसेल असा असावा, एवढंच. आणि नाही सुचला तरी काही बिघडत नाही. तू चहा झालाय म्हणतेस तेव्हा मी येतोच, आणि तो चहा माझ्यासाठीच असतो, यात मला कधी शंका आली नाही. शंका येणं हा माझा स्वभाव असूनही." सही करताना ते अडले, आणि मग 'उद्धव' एवढंच लिहिलं, राव लावलं नाही.

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या बाईंनी ते उलटंपालटं केलं, पिन कोड राहिला होता तो विचारून घेतला आणि मग चष्म्यावरून बघितलं. "काका, पाठवणाऱ्याचा पत्ता पण हाच आहे की."

"हो. ती तळघरात बसते. मी वर."

"मग हातातच द्यायचं ना."

"ते जमत नाही," उद्धवराव म्हणाले.

बाईंनी पत्र परत त्यांच्याकडे सरकवलं आणि बाहेरच्या पेटीकडे बोट केलं. ते बाहेर आले. पेटीचं तोंड उन्हाने तापलं होतं, त्यांनी पत्र अर्धं आत घातलं, आणि बोटांना वाटलं की अजून परत घेता येईल. ती वेळ त्यांनी नीट ओळखली. मग बोटं उघडली, आणि आत ते कशावर तरी पडल्याचा अगदी हलका आवाज झाला.